अण्णांच्या आठवणी टंकायच्या आहेत: बोलून, फोटोतून की कळफलक शिकवून?

माणगंगा
माझे वडील, आमचे अण्णा, ७९ वर्षांचे आहेत. साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी २०० पानी तीन वह्या भरून आठवणी लिहिल्या. लहानपणी विहिरीवर चालणारी मोट, १९७२चा दुष्काळ, रस्त्याच्या कामावर खडी फोडताना भेटलेले त्यांचेच माजी विद्यार्थी, एकशिक्षकी शाळा, असं बरंच काही. चौथी वही अकराव्या पानावर अडली आहे. हात थरथरतो. अक्षर बिघडलं की त्यांना बघवत नाही आणि वही मिटून ठेवतात.

मला हे सगळं टंकून घ्यायचंय आणि राहिलेलं त्यांच्याकडून काढून घ्यायचंय. नोकरी सांभाळून ६०० पानं एकटीने टंकणं झेपणारं नाही, म्हणून महिनाभर नवनवी साधनं वापरून बघतेय. बोलून टंकायचं साधन आधी पेपरातली बातमी वाचून तपासलं. एकही चूक नाही. खूश होऊन फोन अण्णांच्या हातात दिला. ते मोटेबद्दल सांगायला लागले: "जाड दोर तो नाडा, बारीक दोर तो सोंदूर, आन् पाणी पडतं ते थारोळं." पडद्यावर उमटलं: "जाड दोर तो नाद, बारीक दोर तो समुद्र आणि पाणी पडतं ते थोरलं."

अण्णा म्हणाले, "माणात समुद्र कुठनं आला गं?"

तेव्हापासून ते फोनसमोर बोलायला तयार नाहीत. वह्यांचे फोटो काढून मजकूर उचलून पाहिला, तोही निम्मा चुकतो. तुमच्यापैकी कोणी घरातल्या वडीलधाऱ्यांचं असं लिखाण टंकून घेतलंय का? काय वापरलंत? एक अट आहे: वाक्यं त्यांचीच राहिली पाहिजेत.

चाळीतला
वाचतोय. आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांचं असंच करायचं राहिलंय.

टंकाळू
ताई, माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही, तरी सांगतो. अण्णांना कळफलक शिकवा, तोही इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची प्रमाण मांडणी.

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सोय आपल्याला सोपी वाटते कारण आपल्या डोक्यात 'एम ए एन' पक्कं बसलेलं असतं. अण्णांनी आयुष्यभर बाराखडी शिकवली. 'थारोळं' लिहायला आधी ते इंग्रजीत मोडायचं, मग यंत्राने ते पुन्हा मराठीत जोडायचं, असा दुहेरी वळसा त्यांनी का घ्यावा? इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट धरायची. ग-घ, च-छ, त-थ सगळ्यांचं तसंच. ल च्या कळीवर शिफ्ट धरली की ळ. शिक्षकाला ही मांडणी दोन दिवसांत कळते, बोटांत बसायला तीनेक आठवडे लागतात. ही मांडणी १९८६ सालची आहे आणि विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून आहे, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमधल्या भाषांत जाऊन मराठी जोडा, झालं.

सगळ्यात मोठा फायदा असा की तुम्ही जी कळ दाबाल तेच अक्षर उमटतं. मधे अंदाज करणारं कोणी नसतं. सोंदूर टंकलं की सोंदूरच येतं.

पिंपळपान
टंकाळू, मांडणीबद्दल तुमचं बरोबर, पण मूळ अडचण थरथरणाऱ्या हाताची आहे. माझ्या आईला कंपवात आहे. एक कळ दाबायला गेली की 'ककककक' व्हायचं आणि शेजारची कळही लागायची. दोन दिवसांत तिने संगणक बंद करून टाकला होता.

त्यावर उपाय सापडला तो सांगते. विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' म्हणून सोय आहे. उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की चालू करायचं का ते विचारते. ती चालू असली की चुकून झालेला निसटता स्पर्श आणि एकाच कळीचे पाठोपाठ पडलेले ठोके धरले जात नाहीत, आणि किती वेळ दाबल्यावर धरायचं ते आपल्याला ठरवता येतं. आईसाठी मी जवळपास एक सेकंद ठेवलाय. टंकणं संथ होतं, पण जे उमटतं ते तिला हवं असतं तेच. ती आता रोज अर्धं पान टंकते. कळफलक मात्र मोठ्या कळांचा, खोल दाबल्या जाणाऱ्या कळांचा घ्या. लॅपटॉपच्या सपाट कळांवर तिचं बोट घसरायचं.

माणगंगा
पिंपळपान, हे मला अजिबात माहीत नव्हतं. आजच करून बघते.

घाटमाथा
मी गेली काही वर्षं शेतीतल्या जुन्या अवजारांची माहिती गोळा करतोय, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना बोलतं करणं हा रोजचाच उद्योग. माझ्या मते ध्वनिमुद्रण आणि टंकन ही दोन कामं वेगळी ठेवायला हवीत. अण्णांच्या समोर पडदा ठेवलात तिथेच गडबड झाली. माणूस पडद्यावरची चूक बघतो, थांबतो, शब्द बदलतो. दोन-चार वेळा असं झालं की यंत्राला कळेल असं बोलायला लागतो, आणि मग ती त्याची भाषा राहत नाही.

फोन टेबलावर पालथा ठेवा, ध्वनिमुद्रण चालू करा, पंखा बंद करा आणि गप्पा मारा. चाळीस मिनिटांच्या वर नको, ते दमतात. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवून साठवू नका, तिथे आवाज दाबून लहान केला जातो. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा.

मग टंकताना मी काय करतो ते ऐका. कानात हेडफोन घालतो, त्यांचं एक वाक्य ऐकतो, थांबवतो आणि तेच वाक्य माझ्या आवाजात, सावकाश, बोलून टंकायच्या साधनाला सांगतो. माझा आवाज त्याला कळतो. गूगलच्या बोलून टंकायच्या सोयीत २०१७ साली मराठी आली, तेव्हापासून मी हेच करतोय. नाडा, सोंदूर असे शब्द आले की तेवढे हाताने टंकतो. तासाभराच्या मुद्रणाला मला साधारण तीन तास लागतात. सगळं हाताने टंकायचो तेव्हा सात-आठ लागायचे.

आडवाट
घाटमाथा यांची युक्ती चांगली आहे, पण ज्यांना बाहेरच्या सर्व्हरवर घरचं बोलणं पाठवायचं नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये 'व्हिस्पर' नावाचं ध्वनीवरून मजकूर करणारं मॉडेल खुलं केलं. त्यात मराठी आहे, आणि ते आपल्या संगणकावर उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतं. मराठीत त्याची अचूकता इंग्रजीइतकी नाही, तासाभराच्या फाइलला साध्या संगणकावर बराच वेळ लागतो, तरीही पहिला कच्चा मसुदा म्हणून चालतं. आयआयटी मद्रासच्या 'एआयफॉरभारत' गटाने भारतीय भाषांसाठी केलेली मॉडेलंही खुली आहेत, तीही बघा.

एक धोक्याची गोष्ट सांगतो. अशा मॉडेलांत आवाज थांबला की कधीकधी नसलेली वाक्यं तयार होतात. माझे आजोबा बोलता बोलता थांबायचे. ज्या मिनिटभरात ते काहीच बोलले नव्हते तिथे मी वापरलेल्या एका साधनाने दोन नीटस वाक्यं घातली होती. पुतण्याने पकडलं म्हणून कळलं. तेव्हापासून मुद्रणातल्या शांत जागा मी आधी कापून घेतो.

उंबरठा
आडवाट, बापरे. माणूस दम खायला थांबला आणि त्याच्या तोंडी वाक्य?

खडीसाखर
असाच प्रकार माझ्याकडेही झालाय. सासूबाईंच्या आठवणी मी बोलून टंकल्या. विरामचिन्हं नव्हती, सगळं सलग, म्हणून एका गप्पा मारणाऱ्या एआय साधनात तो मजकूर टाकला आणि "शुद्धलेखन नीट करून दे" असं सांगितलं. अर्ध्या मिनिटात सुंदर परिच्छेद पाडून मिळाले. मी तसेच छापून घरच्यांना वाटले.

सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "हे मी नाही बोलले." ७२च्या दुष्काळात रेशनवर तो लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा ना, त्याबद्दल त्या बोलल्या होत्या: "दोन वर्षं मिलो खाल्ला." छापलं होतं: "दोन वर्षं मिळेल ते खाल्लं." अर्थ लागत होता. वाक्य छान होतं. म्हणून मला दिसलंच नाही! आणि दुष्काळी कामांवर खायला मिळायची त्या सुकडीची तर चक्क सुकी भाकरी झाली होती.

मला फार वाईट वाटलं. त्यांनी तो मिलो आणि ती सुकडी खाल्ली आहे, पोटं भरली आहेत त्याने, आणि मी तो शब्दच घालवला. आता मी फक्त इतकंच सांगते की विरामचिन्हं घाल, एकही शब्द बदलू नको. आणि त्यावरही विश्वास न ठेवता गूगल डॉक्समध्ये दोन दस्तऐवजांची तुलना करायची सोय आहे, ती वापरून बदललेला प्रत्येक शब्द बघते. वर्डमध्येही ती सोय आहे.

चाळीतला
खडीसाखर, माझ्या आजीने मिलोची भाकरी थापायची खटपट सांगितली होती. चिरायची म्हणे. शब्द गेला असता तर भाकरीही गेली असती.

रानजाई
मी ग्रंथालयात काम करते, जुन्या पुस्तकांचे फोटो काढून मजकूर उचलणं हा रोजचा भाग आहे. माणगंगा, वह्यांचं सांगते.

छापील मराठी आता बऱ्यापैकी निघतं. पानाचं चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडलं की खाली मजकूर येतो, फोनवर गूगल लेन्सने थेट उचलता येतो, आणि आपल्याच संगणकावर चालणारं मोफत साधन हवं असेल तर 'टेसरॅक्ट' आहे. पान सपाट हवं, सावली नको, स्कॅनरवर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं. चुका होतात त्या ठरलेल्या: घ आणि ध, भ आणि म, रफार, अनुस्वार. दिवसभरात डोळे सरावतात.

हस्ताक्षराचं गणित वेगळं. अण्णांच्या पिढीचे शिक्षक शिरोरेघ शब्द संपल्यावर एकदम ओढतात, कधी ओढतच नाहीत. जुनी साधनं तिथे कचरा देतात. नवी एआय साधनं हस्ताक्षर आश्चर्य वाटावं इतकं वाचतात, पण न लागलेला शब्द कोरा सोडत नाहीत, संदर्भावरून भरतात. खडीसाखरच्या मिलोसारखंच. पूर्वीची चूक बघितल्या बघितल्या कळायची, कारण तो शब्दच नसायचा. आता चुकीच्या जागी चांगला मराठी शब्द बसलेला असतो, त्यामुळे तपासणाऱ्याला प्रत्येक ओळ मूळ पानाशी लावून वाचावी लागते. मग वेळ वाचला का? माझ्या हिशेबाने सुवाच्य पानाला वाचतो, गिचमिड पानाला वाचत नाही.

तुमच्या ६०० पानांपैकी पहिल्या वहीतली पाच आणि शेवटच्या वहीतली पाच पानं घ्या. दोन्ही प्रकारांनी करून घड्याळ लावा. मग ठरवा.

कोनाडा
रानजाई, अवांतर विचारतो. आमच्याकडे पणजोबांचे मोडीतले कागद आहेत. त्यांचं असं काही होतं का?

रानजाई
युनिकोड म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीच्या अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक पद्धत. मोडीला त्यात २०१४ साली स्वतःची जागा मिळाली, त्यामुळे मोडी टंकता येते. पण घसटलेल्या मोडी हस्ताक्षराचा कागद फोटो काढून वाचून घेण्याइतका भरवसा मी कोणत्याच साधनावर ठेवणार नाही. जमिनीचे कागद असतील तर मुळीच नाही. मोडी वाचणारा माणूस गाठा. पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग होतात, तिथून शिकून बाहेर पडलेले बरेच जण हे काम करून देतात.

दीपमाळ
मला दिसत नाही. मी हा धागा एनव्हीडीए नावाच्या पडदावाचकाने ऐकतोय. ते मोफत आहे, आणि त्यातल्या ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयीला मराठी येतं. आवाज यंत्रासारखा आहे, पण मी त्याच्यावर पुस्तकंच्या पुस्तकं ऐकली आहेत.

माणगंगाताई, एक विनंती. काहीही वापरा, पण मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. पुस्तक छापायला दिलं की काही ठिकाणी अजूनही युनिकोड नसलेल्या जुन्या टंकांत (फॉन्टांत) मजकूर बदलून घेतात आणि तीच पीडीएफ परत देतात. डोळ्यांना ती मराठी दिसते. माझा वाचक तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग वाचतो, कारण आत खरोखर तेच साठवलेलं असतं. एका दिवाळी अंकाची अशी पीडीएफ मी विकत घेतली होती, एक ओळ ऐकता आली नाही. अण्णांचं पुस्तक मला ऐकायचंय.

दुसरं, ॲ हे अक्षर. काही जण अ काढून त्यावर चंद्र देतात. ॲ ला २००८पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान आहे. दोन्ही सारखेच दिसतात म्हणे, पण शोधताना एक टंकलं की दुसरं सापडत नाही.

टंकाळू
दीपमाळ, अगदी खरं. त्यातच भर घालतो. 'ऱ्य' नीट टंका. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात एक शिकवणारा आहे आणि एक स्वयंपाक करणारा. इनस्क्रिप्टमध्ये र च्या कळीवर शिफ्ट धरली की ऱ येतो, त्याला हलन्त आणि य जोडा. दऱ्या, वाऱ्यावर, गोऱ्या सगळे नीट येतात. बोलून टंकताना हे बहुतेक वेळा बरोबर येतं, हे मान्य करतो.

आडवाट
मूळ अटीबद्दल थोडं वेगळं बोलू का? "वाक्यं त्यांचीच राहिली पाहिजेत" हे ऐकायला चांगलं आहे. पण 'व्हतं', 'आन्', 'गेलतो' असं सहाशे पानं ठेवलंत तर तुमची मुलं वाचतील का? माझी मुलगी पुण्यात वाढली, ती दोन पानांवर थांबेल. अण्णा स्वतः शिक्षक, त्यांच्या वह्या प्रमाण मराठीतच असणार. मग बोललेला भाग तसाच ठेवून एकाच पुस्तकात दोन भाषा कशाला?

उंबरठा
आडवाट, मला हे अजिबात मान्य नाही. आमच्या घरी आजोबांच्या आठवणी काकांनी 'नीट करून' छापल्या. पुस्तक हातात घेतलं की मला आजोबा ऐकूच येत नाहीत, काका ऐकू येतात. आजोबा 'आमी', 'तुमी', 'पानी' म्हणायचे. त्यांच्या 'पानी'त दुष्काळ होता हो. छापलेलं 'पाणी' वाचून मला काही होत नाही. आणि ध्वनिमुद्रण कोणी केलं नव्हतं, त्यामुळे आता ते कधीच मिळणार नाही.

मुलीला दोन पानं कळली नाहीत तर ती विचारेल. तिने विचारावं म्हणूनच तर लिहायचं.

आडवाट
उंबरठा, तुमच्या काकांचं ऐकून खरंच वाईट वाटलं. मुद्रण जपावं याबद्दल दुमत नाहीच. मी फक्त वाचायच्या प्रतीबद्दल बोलत होतो.

घाटमाथा
मी मधला मार्ग काढतो. क्रियापदांची रूपं वाचायच्या प्रतीत थोडी सोपी करतो, पण वस्तूंची, कामांची, मापांची आणि शिव्यांची नावं जशीच्या तशी. ती बदलायचा हक्क मला नाही असं मी मानतो. शेवटी शब्दसूची देतो, अर्थ सांगणाऱ्याच्याच शब्दांत.

म्हावरं
मडगावातून. आमची आई एका वाक्यात कोंकणी आणि मराठी दोन्ही बोलते. मराठी निवडली की कोंकणी शब्दांचं मराठी होतं, कोंकणी निवडायला जावं तर माझ्या फोनवर बोलून टंकायची सोयच मिळत नाही. मी शेवटी घाटमाथांसारखंच करतो, ऐकून टंकतो. हळू होतं, पण आईचं आईसारखं राहतं.

पिंपळपान
हे सगळं वाचून वाटलं की यंत्रांना आपली मराठी मुळात ऐकायलाच कमी मिळाली आहे. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' प्रकल्पात मराठी आहे. आपल्याला वाक्यं वाचून आवाज देता येतो, दुसऱ्यांचे आवाज ऐकून तपासताही येतात, आणि तो संग्रह सगळ्यांना मोफत खुला असतो. मी पन्नासेक वाक्यं दिली. तिथे मला पुण्या-मुंबईचे आवाज जास्त वाटले. माणातले, वऱ्हाडातले, चंदगडातले आवाज गेले तर किती बरं होईल. अर्थात आपला आवाज कायमचा सार्वजनिक होतो, हे घरातल्यांना नीट समजावून, विचारून मगच.

कोनाडा
छपाईचा विषय निघालाच आहे तर एक. टंक निवडताना ल आणि श बघा. राज्य शासनाच्या २००९च्या शासननिर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला आहे. बऱ्याच टंकांत मुळात हिंदी वळणाची रूपं येतात. ज्यांत दोन्ही रूपं असतात, त्यांत मजकुराची भाषा मराठी निवडली की आपली रूपं उमटतात. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' किंवा आयआयटी मुंबईचा 'शोभिका' मोफत आहेत, छापून बघा. मास्तरांच्या पुस्तकात ल त्यांनी फळ्यावर शिकवला तसा दिसायला हवा.

माणगंगा
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत येतेय, काय झालं ते सांगायला.

रानजाईंनी सांगितलं तसं घड्याळ लावलं. पहिल्या वहीतल्या पानाला फोटोतून मजकूर उचलून, ओळ न् ओळ ताडून बघायला ११ मिनिटं लागली. तेच पान हाताने टंकायला मला २४ लागली. तिसऱ्या वहीत हात थरथरायला लागल्यानंतरची पानं आहेत, तिथे फोटोचा काही उपयोग झाला नाही, ताडून बघण्यातच अर्धा तास गेला. तेव्हा पहिल्या दोन वह्या फोटोतून, तिसरी मी टंकतेय. फोटोतून आलेल्या मजकुरात एका ठिकाणी 'बलुतं'चं 'बहुतेक' झालं होतं. वाक्य इतकं सरळ वाटत होतं की दोनदा माझ्या नजरेतून निसटलं, अण्णांनी पकडलं.

राहिलेल्या आठवणींसाठी घाटमाथांचं ऐकलं. फोन पालथा, पंखा बंद. पहिल्या दिवशी अण्णा "पडद्यावर काय येतंय?" असं तीनदा विचारत होते. काहीच येत नाही म्हटल्यावर सैल झाले. ७२च्या कामावरचं सांगत होते. त्यांचा एक विद्यार्थी खडी फोडत होता, मास्तर दिसले तसा हातोडा खाली ठेवून उभा राहिला आणि "नमस्ते गुरुजी" म्हणाला. इथवर सांगून अण्णा थांबले. मुद्रणात चाळीस सेकंद काही नाही, लांबून कोंबडा तेवढा ऐकू येतो. आडवाट, तुमची सूचना आठवली, पण ती शांत जागा मी कापली नाही. आम्ही ऐकून टंकतोय, त्यामुळे तिथे कोणी काही भरणार नाही. टंकलेल्या मजकुरात तिथे एक ओळ कोरी सोडली आहे.

उंबरठा आणि आडवाट, भाषेबद्दल अण्णांनाच विचारलं. ते म्हणाले, "मी सांगतोय ते मी सांगतोय तसं लिही. वहीतलं मी लिहिलंय तसं." त्यामुळे पुस्तकात दोन्ही असतील.

आणि टंकाळू, पिंपळपान, तुमच्यासाठी. फिल्टर कीज चालू केल्या, मोठ्या कळांचा कळफलक आणला, इनस्क्रिप्ट लावलं. अण्णा रोज सकाळी चहानंतर वीस मिनिटं बसतात. क च्याच कळीवर ख बघून म्हणाले, "हे कुणा मास्तरनं केलेलं दिसतंय." चौथ्या वहीचं बारावं पान त्यांनी स्वतः टंकायला घेतलं आहे. आतापर्यंत सात ओळी झाल्या. त्यांत सोंदूर दोनदा आहे.

एकच अडचण आहे. कळांवर फक्त इंग्रजी अक्षरं आहेत, आणि मी काढून दिलेला तक्ता बघायला त्यांना सारखी मान वळवावी लागते. कळांवर चिकटवायची मराठी अक्षरं मिळतात का?

टंकाळू
मिळतात, इनस्क्रिप्टचे स्टिकर म्हणून ऑनलाइन शोधा. घेताना हिंदीचे देतात, त्यावर ळ आहे ना ते आधी बघा. आणि अक्षरं पिवळी किंवा पांढरी, काळ्या जमिनीवरची घ्या, म्हाताऱ्या डोळ्यांना ती दिसतात.

पिंपळपान
मी कागदावर अक्षरं लिहून वर सेलोटेप लावला होता. आईनेच लिहून दिली होती अक्षरं, हात थरथरत असतानाही. आता बऱ्याच कळांवरचे कागद उडालेत आणि तिला ते लक्षातही आलेलं नाही.

माणगंगा
मग स्टिकर नकोत. आज संध्याकाळी अण्णांनाच लिहायला सांगते.